घाटात बंद पडणारी मोटार आणि मॅनिफोल्डजवळून गेलेले वायरिंग : एक प्रकरण अभ्यास

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येताना साखरपा मागे पडले की आंबा घाटाचा चढ लागतो. या प्रकरणातील मोटार याच चढावर तीन आठवड्यांत चार वेळा बंद पडली. प्रकार दर वेळी एकच होता. चढ निम्मा झाला की इंजिन न गचकता एकदम थांबे, स्टार्टर व्यवस्थित फिरे पण इंजिन पेट घेत नसे, आणि बोनेट उघडून पंचवीस-तीस मिनिटे थांबले की पहिल्याच चावीला गाडी सुरू होई. चौथ्या वेळी रात्र होती, धुके उतरले होते आणि गाडीत दोन लहान मुले होती. मालकांनी दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या गॅरेजमध्ये आणली, तेव्हा ही वेळ पुन्हा कोणावर येऊ नये एवढेच त्यांचे मागणे होते.

मोटार चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी आणि सुमारे दहा वर्षे वापरलेली होती. तिचे इंजिन आडवे बसवलेले असून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सर्व सिलिंडरांतला तापलेला धूर एकत्र करून बाहेर नेणारा भाग, इंजिनच्या मागच्या अंगाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) बाजूला आहे. ही रचना ध्यानात ठेवावी, कारण समोरून शिरणारा वारा रेडिएटर आणि इंजिन ओलांडून तेथे पोहोचेपर्यंत तापलेला व मंदावलेला असतो. पुढचे सगळे त्या अरुंद जागेतच घडलेले आहे.

आमच्याकडे येण्यापूर्वी गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. पहिल्या ठिकाणी क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरत असल्याचा संकेत देणारा सेन्सर, बदलला गेला आणि गाडी पुन्हा बंद पडल्यावर तो आणखी एकदा बदलला गेला. हा अंदाज चुकला असला तरी निराधार नव्हता. क्रँक सेन्सरच्या आतील कॉइल तापल्यावर उघडी पडते, थंड झाल्यावर पुन्हा जुळते आणि गाडी हुबेहूब याच पद्धतीने वागते, हे प्रत्येक अनुभवी मेकॅनिकने पाहिलेले असते. चुकले ते एवढेच, की नवा सेन्सर बसवूनही दोष राहिला तेव्हा सेन्सरपासून ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत, जाणारी वायर कोणी तपासली नाही. दरम्यान डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागू लागला आणि १० अँपिअरचा एक फ्यूज दोनदा गेला. दुसऱ्या ठिकाणी बोनेटखाली खरवडलेली वायर दिसली, तेव्हा उंदरांनी वायर कुरतडल्याचे निदान झाले, तेवढ्या जागेवर टेप गुंडाळली गेली आणि फ्यूज वारंवार जाऊ नये म्हणून त्या जागी २० अँपिअरचा फ्यूज बसवला गेला. या शेवटच्या कृतीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दोष पुन्हा घडवून आणणे

ईसीयूने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावल्यावर दोन कोड मिळाले. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमधील दोष, आणि पी ०१३५ म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमधील दोष. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्याला तापवणारा छोटा हीटर त्याच्या आतच असतो. दोन वेगळ्या सेन्सरांचे, दोन वेगळ्या कामांचे कोड एकाच वेळी आले असता दोन्ही सेन्सर एकदम बिघडले असे मानण्याऐवजी त्या दोघांच्या वायरी कोठे एकत्र येतात हे आधी पाहावे, असा आमचा शिरस्ता आहे. या गाडीत त्या दोन्ही शाखा मॅनिफोल्डच्या मागून एकाच जुडग्यातून, म्हणजे एकत्र बांधलेल्या वायरींतून, जातात.

गॅरेजमध्ये गाडी चाळीस मिनिटे उभ्या जागी चालू ठेवली, पंखा दोन-तीनदा सुरू होऊन बंद झाला, पण इंजिन थांबले नाही. केवळ उष्णता पुरेशी नाही, त्या जोडीला चढावरचा भार लागतो, असे यावरून वाटले. म्हणून स्कॅनर जोडलेलाच ठेवून गाडी पन्हाळ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये नेली. तिसऱ्या फेरीत इंजिन थांबले. त्या क्षणी गाडी गिअरमध्येच असल्याने चाके इंजिन फिरवत होती, तरीही स्कॅनरवरचा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा मात्र सरळ शून्यावर आला. इंजिन प्रत्यक्ष फिरत असताना ईसीयूला ते थांबलेले दिसत होते, म्हणजे संकेत वाटेतच हरवत होता. पेट्रोलचा पंप, इग्निशन कॉइल आणि इंजेक्टर हे सारे संशयातून त्याच वेळी बाद झाले.

गाडी लिफ्टवर घेऊन खालून दिवा टाकला, तेव्हा कारण उघड्यावर आले. दीड वर्षापूर्वी क्लच ओव्हरहॉल करताना गिअरबॉक्स उतरवला गेला होता. त्या कामात जुडगा फायरवॉलला धरून ठेवणाऱ्या दोन क्लिपा तुटल्या आणि मॅनिफोल्डवरचा उष्णतारोधक पत्रा परत बसवलाच गेला नाही. क्लिपांऐवजी वापरलेल्या साध्या नायलॉनच्या टायपट्ट्या उष्णतेने ठिसूळ होऊन तुटल्या होत्या. त्यांचे तुकडे खालच्या क्रॉसमेंबरवर (आडव्या तुळईवर) पडलेले सापडले. अशा साध्या पट्टीची सततच्या वापराची मर्यादा साधारण ८५ अंश सेल्सिअस असते आणि मॅनिफोल्डच्या शेजारी ती काही महिनेही तग धरत नाही. लोंबणारा जुडगा मॅनिफोल्डपासून जेमतेम दोन बोटांवर आला होता. पुढच्या गिअरमध्ये जोर लावला की आडवे बसवलेले इंजिन आपल्या माउंटिंगवर मागे कलते, आणि चढावर तो कल टिकून राहतो. तेवढ्या कलाने मॅनिफोल्डचा कडेचा नट जुडग्याला टेकत होता. उभ्या गाडीत दोष का दिसला नाही, याचे उत्तर येथे मिळाले.

आतली आणि बाहेरची उष्णता

वरची नालीदार नळी कापून काढल्यावर आत दोन निरनिराळ्या प्रकारचे नुकसान दिसले. ते वेगळे ओळखता येणे हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे मला वाटते.

क्रँक सेन्सरच्या केबलचे आवरण एकाच अंगाने, म्हणजे मॅनिफोल्डकडे तोंड असलेल्या बाजूने, काळे व काचेसारखे कडक झाले होते. वाकवताच त्याला आडव्या भेगा पडल्या. दुसरी बाजू अजून मऊ होती. हे बाहेरून आलेल्या उष्णतेचे लक्षण आहे. पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी मिसळलेला पदार्थ उष्णतेने हळूहळू निघून जातो आणि मागे ठिसूळ कवच उरते. उष्णता त्याहून वाढली तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि दमट हवेत तो तांब्याला खातो. आमच्याकडच्या पावसाळ्यात असे तांबे हिरवट-काळे पडायला वेळ लागत नाही.

ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरला वीज पुरवणाऱ्या वायरीची अवस्था निराळी होती. तिचे आवरण सगळ्या बाजूंनी सारखेच फुगलेले आणि आतून वितळून तारांना चिकटलेले होते. हे नुकसान मॅनिफोल्डजवळच्या भागापुरते नसून फ्यूज बॉक्सच्या दिशेने दीड हातभर मागे गेले होते, जेथे बाहेरची उष्णता पोहोचत नाही. ही वायर स्वतःच्या प्रवाहाने तापली होती. ०.५ चौरस मिलिमीटरच्या या वायरीचे आवरण नटाला टेकून फाटले, ती अर्थ झाली, म्हणजे तिचा प्रवाह थेट गाडीच्या धातूत गेला, आणि १० अँपिअरचा फ्यूज आपले काम करून गेला. त्या जागी २० अँपिअरचा फ्यूज बसल्यावर मात्र तोच दोष फ्यूज न वितळवता वायर वितळवू लागला. फ्यूज उपकरणासाठी नसून वायरीच्या संरक्षणासाठी असतो, आणि त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरलेला असतो. हीटरच्या वायरीला लागूनच क्रँक सेन्सरची केबल जात होती, हे लक्षात घेता गाडी नुसती बंद पडत राहिली हे नशीब म्हणायचे. याच गाडीला घाटात आग लागू शकली असती. गेलेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणाऱ्या प्रत्येकाने ही वितळलेली वायर हातात घेऊन पाहावी, असे मला मनापासून वाटते. तो तुकडा आम्ही जपून ठेवला आहे.

निदान पक्के करण्यासाठी केबलची दोन्ही टोके, म्हणजे सेन्सरकडील कपलर (वायर जोडणारा प्लग) आणि ईसीयूचा कपलर, सोडवून संकेताची तार व तिच्याभोवतीची जाळी यांच्यामधला रोध मोजला. थंड असताना मल्टीमीटर काहीच जोड दाखवत नव्हता. हॉट एअर गनने तो भाग गरम करून किंचित दाबल्यावर रोध काही ओहमपर्यंत खाली आला आणि थंड होऊन दाब निघताच पुन्हा जोड नाहीसा झाला. जाळी अर्थ असल्याने संकेत तेथेच संपत होता. अशा तपासणीत ईसीयू जोडलेला असताना मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारे उपकरण, कधीही वापरू नये. त्याचा शेकडो व्होल्टचा दाब ईसीयूचे कायमचे नुकसान करतो.

टेप गुंडाळलेल्या ठिकाणी, जेथे उंदरांचा संशय घेतला गेला होता, तेथे वायरीचे दोन पदर हाताने पिळून जोडलेले होते. हीटर चालू असताना तो जोड धरून त्या वायरीवर १.२ व्होल्टची घट मिळाली. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला सुमारे ३७ मिलिओहम असतो. हीटरचा सुमारे १ अँपिअरचा प्रवाह दोन मीटर वायरीतून गेला तर ०.०७ व्होल्टच्या आसपास घट यावी, आणि वायर १०० अंशांपर्यंत तापली तरी तांब्याचा रोध साधारण एक तृतीयांशच वाढतो. म्हणजे उरलेली घट त्या एका पिळलेल्या जोडाची होती, आणि एक वॅटहून अधिक उष्णता टेपच्या आत, नखाएवढ्या जागेत साठत होती. टेपचा गोंद वितळून खाली ओघळला होता. वायरीवर उंदराच्या दातांच्या खुणा कोठेही नव्हत्या.

दुरुस्ती

संपूर्ण नवे वायरिंग घालावे की खराब भाग बदलावा, हा निर्णय तांबे पाहून घेतला. जुडग्यातील प्रत्येक वायर कापून टोकाचे आवरण सोलले आणि तार चकचकीत तांबूस दिसेपर्यंत मागे मागे कापत गेलो. काळपटलेल्या तांब्यावर केलेला जोड त्या दिवशी मीटरवर चांगला दिसतो आणि पुढच्या पावसाळ्यात सोडून देतो. मॅनिफोल्डच्या बाजूने सुमारे ४५ सेंटिमीटर आणि हीटरच्या पुरवठ्याच्या वायरीचा त्याहून लांब भाग टाकून द्यावा लागला. उरलेले वायरिंग निरोगी निघाले, म्हणून भाग बदलण्याचे ठरले. तांब्याचा काळेपणा फ्यूज बॉक्सपर्यंत गेलेला असता तर मी हा सल्ला दिला नसता.

नव्या तुकड्यांसाठी त्याच जाडीची, पण क्रॉसलिंक केलेल्या पॉलिइथिलीनचे आवरण असलेली, १२५ अंशांच्या वर्गातील ऑटोमोबाइल वायर घेतली. घरगुती वायरिंगची वायर येथे चालत नाही. तिच्यातील तारा जाड व थोड्या असतात आणि इंजिनाच्या कंपनाने त्या तुटतात. सिलिकॉन रबराच्या आवरणाची वायर १८० अंशांपर्यंत टिकते, म्हणून मालकांनी तिच्याविषयी विचारले होते. पण ते आवरण चटकन फाटते आणि धारदार कडेला घासले तर टिकत नाही. या जुडग्याचा मूळ रोग घासण्याचाही होता, त्यामुळे तो पर्याय सोडला. क्रँक सेन्सरसाठी पीळ दिलेल्या दोन तारांची आणि जाळीची केबल अखंड नवीन टाकली, आणि जाळी पूर्वीप्रमाणे ईसीयूच्या बाजूलाच अर्थ ठेवली. दोन्ही टोकांना अर्थ दिल्यास जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो आणि संकेतात खरखर येते.

सगळे जोड बॅटरीच्या बाजूच्या थंड भागात घेतले आणि ते एकाशेजारी एक न येता चार-चार सेंटिमीटरांच्या अंतराने मागे-पुढे ठेवले, म्हणजे जुडग्याला एकाच जागी गाठ येत नाही. जोडासाठी तांब्याची नळी रॅचेटच्या पकडीने दाबली, प्रत्येक जोड ओढून पाहिला आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली. हीट श्रिंक या नावामुळे ती कितीही उष्णता सोसते असा समज आढळतो. प्रत्यक्षात गोंदाच्या नळीची मर्यादा बहुधा ११० ते १२५ अंश असते, म्हणून ती मॅनिफोल्डजवळ नेण्यात अर्थ नाही.

सोल्डर का केले नाही, असे एका सहकाऱ्याने विचारले. सोल्डर तारांमध्ये शोषले जाते आणि जेथे ते संपते तेथे कडक व लवचीक भागांची सीमा तयार होते. कंपनाने वायर नेमकी त्या सीमेवर तुटते. ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या वायरीबाबत आणखी एक कारण आहे. झिर्कोनिया या सिरॅमिकचे अनेक ऑक्सिजन सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा याच वायरींच्या तारांमधील फटींतून आत घेतात. सोल्डरने त्या फटी बुजल्या की चांगला सेन्सर चुकीचे मोजमाप देऊ लागतो. सुदैवाने या गाडीत सेन्सरकडील वायरी शाबूत होत्या आणि त्यांना हात लावण्याची वेळ आली नाही.

वाट, पत्रा आणि आवरण

दुरुस्तीनंतर जाड आवरण गुंडाळून जुडगा त्याच वाटेने परत नेणे सोपे होते. मालकांनी त्यासाठी बाजारातून अॅल्युमिनियमचा मुलामा असलेली काचतंतूंची नळी आणलीही होती. ती आम्ही वापरली, पण सर्वांत शेवटी. आवरण उष्णता अडवते ती काही वेळापुरती. चढावर पाऊण तास जोर लावल्यावर, किंवा घाट चढून आंब्याला चहासाठी थांबलेल्या गाडीत पंखा व वारा दोन्ही बंद असताना, बोनेटखालची उष्णता हळूहळू आवरणाच्या आत पोहोचते. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे तेथील तापमान उतरण्याऐवजी चढतेच. शिवाय प्रवाह वाहणाऱ्या वायरींची स्वतःची उष्णताही जाड आवरणात कोंडते. म्हणून आधी अंतर, मग पत्रा आणि मग आवरण असा क्रम आम्ही ठेवला.

जुडगा मूळ वाटेवर, म्हणजे फायरवॉलच्या वरच्या पन्हळीत नेला, आणि क्लिपांच्या जागी आतून रबर असलेले धातूचे पी आकाराचे क्लॅम्प बोल्टने बसवले. इंजिन पुढे-मागे कलले तरी ताण येऊ नये म्हणून सेन्सरकडे उतरणाऱ्या शाखेत थोडी ढील ठेवली. कारखान्याचा पत्रा त्याच मॉडेलच्या भंगारात काढलेल्या गाडीवरून मिळाला. तो बसवताना मॅनिफोल्ड आणि पत्रा यांच्यात हवेची फट राहील हे पाहिले, कारण मॅनिफोल्डला टेकलेला पत्रा स्वतःच तापून दुसरा मॅनिफोल्ड होतो. तापलेल्या धातूकडून जुडग्याकडे येणारी उष्णता मुख्यतः किरणांनी येते, आणि चकचकीत पृष्ठभाग ती परतवून लावतो. त्यामुळे अॅल्युमिनियमची नळी जेथून मॅनिफोल्ड दिसतो तेवढ्याच भागात, चकचकीत बाजू बाहेर ठेवून घातली. तिची टोके बंद केली, कारण उघड्या काचतंतूंत इंजिनाचे तेल शोषले जाते आणि तेलाने भिजलेली नळी मॅनिफोल्डजवळ असणे हाच एक धोका आहे. मुलामा वीजवाहक असल्याने बॅटरीच्या टोकांकडे ही नळी नेली नाही. शेवटी हीटरच्या सर्किटला १० अँपिअरचाच फ्यूज बसवला आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत तो आकडा ठळक अक्षरांत लिहून ठेवला.

परिणाम

तापमान मोजण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटरवर विसंबलो नाही. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो फार कमी आकडा दाखवतो. त्याऐवजी ठरावीक अंशाला कायमच्या काळ्या पडणाऱ्या चौकटींची चिकटपट्टी वापरली. एक पट्टी नव्या वाटेवरच्या जुडग्यावर, नळीच्या आत लावली. दुसरी जुडगा पूर्वी लोंबत होता त्या जागी तारेवर टांगली, आणि ती टांगताना पत्रा मुद्दाम काढून ठेवला. पन्हाळ्याच्या चढावर सलग चार फेऱ्या आणि वर इंजिन बंद करून पंधरा मिनिटांचा थांबा, एवढ्यानंतर जुन्या जागेवरची पट्टी १४३ अंशांची चौकट काळी करून बसली होती. पत्रा परत लावून तशाच चार फेऱ्या केल्यावर नव्या वाटेवरील पट्टीत शेवटची काळी चौकट ८८ अंशांची होती. आवरणाचे आयुष्य दर १० अंशांच्या घटीला साधारण दुप्पट होते, हा विजेच्या कामातला जुना अंदाजी नियम धरला तर या दोन जागांमधला फरक किती मोठा आहे ते कळते. शिवाय १४३ अंश हे मूळ पीव्हीसी आवरणाच्या मर्यादेच्या पलीकडेच होते.

हीटरच्या पुरवठ्यातील घट कपलरसह ०.१ व्होल्टवर आली. दोन्ही कोड पुसल्यानंतर परतले नाहीत. मालकांनी त्यानंतर संपूर्ण उन्हाळा दर शनिवार-रविवारी घाट चढला-उतरला आणि गाडी एकदाही थांबली नाही.

पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा पाहिली, तेव्हा जोड कोरडे होते आणि क्लॅम्प घट्ट होते. नळीचे खालचे टोक मात्र चिखलाच्या पाण्याने थोडे उघडले होते. ते साफ करून पुन्हा बांधले. एक काम अजून शिल्लक आहे. क्रँक सेन्सरच्या कपलरची कुलपाची जीभ पूर्वीच्या दोन बदलांमध्ये मोडलेली असून कपलर सध्या उष्णता सोसणाऱ्या पट्टीने बांधून ठेवला आहे. नवे कपलर मागवले आहे आणि ते येईपर्यंत दर महिन्याला ती पट्टी तपासायची, असे मालकांना सांगितले आहे.